इच्छा, नवस आणि वाचनाचा संकल्प

(शतकमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बुऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या रस्त्याने साधारण वीस किलोमीटर गेले की इच्छापूर लागते. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे हे गाव. आजूबाजूला केळीच्या बागा आणि टेकडीवर इच्छादेवीचे मंदिर. एका मराठा सुभेदाराने पुत्रप्राप्तीसाठी देवीला नवस केला, इच्छा पुरी होताच त्याने मंदिर आणि विहीर बांधली, टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्या पुढे भुस्कुटे घराण्याने बांधविल्या, अशी हकीकत सांगितली जाते. निमाडातून आणि खानदेशातून भाविक या देवीच्या दर्शनाला येतात, आणि प्रत्येकाच्या मनात काही ना काही मागणे असते.

ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात या गावाची आठवण काढण्याचे कारण त्याच्या नावात आहे आणि त्याच्या जागेतही आहे. नावाचे कारण आधी पाहू. इच्छा, नवस आणि संकल्प हे तीन शब्द एका कुळातले वाटले, तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. इच्छा ही मनाची ओढ. नवस हा करार. अमुक मिळाले तर तमुक करीन, अशी त्याची भाषा. संकल्पाला अशी अट नसते. अमुक करीन, एवढेच त्यात असते. त्याचे फळ करण्यातच असते.

गुढीपाडव्याला, दसऱ्याला किंवा इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तारखेला अनेक सुशिक्षित माणसे ‘यंदा अधिक पुस्तके वाचायची’ असे ठरवितात. इतका निरुपद्रवी संकल्प दुसरा नसेल, आणि इतक्या लवकर मोडणाराही क्वचितच असेल. तो का मोडतो, याचा शोध घेतला तर एक गोष्ट ध्यानात येते. संकल्प म्हणून जे केलेले असते, ते पुष्कळदा नवसच असते. वाचले तर ज्ञान वाढेल, भाषा सुधारेल, मुलांपुढे आदर्श राहील, चार लोकांत मान मिळेल, या अटींवर ते वाचन सुरू होते. महिनाभरात यांपैकी काहीच पदरात पडलेले दिसत नाही आणि करार मोडतो. वाचन आनंदासाठी करावयाचे असते, हे त्या करारात कोठे लिहिलेलेच नसते.

आता जागेचे कारण. बुऱ्हाणपूरचा मुलूख पूर्वीपासून अनेक भाषांचा. फारुकी सुलतानांचे हे शहर १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगलांकडे गेले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हा प्रदेश पेशव्यांकडे आला. पुढे इंग्रजी अमलात निमाड मध्य प्रांतात गेला. मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांचा प्रांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, विदर्भाचे मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. १५ ऑगस्ट २००३ रोजी बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. रेषा आखली गेली, पण तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांतली भाषा त्यामुळे बदलली नाही. इच्छापुरातील मराठी घरात आजीची ओवी, सणवार आणि सोयरीक मराठीत. शाळा, कचेरी आणि न्यायालय मात्र प्रामुख्याने हिंदीत.

याचा अर्थ वाचनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला मराठी पुस्तक कधी तरी परीक्षेसाठी वाचावेच लागते. महाराष्ट्रातील कारकुनाला मराठी टिपणी लिहावी लागते. इच्छापूरच्या मराठी माणसावर अशी कसलीच सक्ती नाही. मराठी कादंबरी वाचल्याने त्याला गुण मिळणार नाहीत, बढती मिळणार नाही, सरकारी अर्ज भरण्यासही तिचा उपयोग नाही. तो मराठी वाचीत असेल तर केवळ वाचावेसे वाटते म्हणून. ही गोडी आटली तर मराठी वाचन तेथे कमी होणार नाही, ते थांबेलच. कारण त्याला दुसरा आधारच नाही. महाराष्ट्रात ज्याला चैन समजले जाते, ते आनंदाचे वाचन सीमेवर भाषेचा एकमेव आधार ठरते. आणि थोडा विचार केला तर महाराष्ट्रातील परिस्थितीही याहून फारशी निराळी नाही, हे जाणवते. परीक्षा संपली की पुस्तक मिटणारा पदवीधर आणि सीमेवरचा हिंदी शाळेत शिकलेला मराठी माणूस, या दोघांनाही पुन्हा पुस्तकाकडे आणू शकणारी गोष्ट एकच आहे.

आनंदासाठी वाचणे ही काही नवी, उसनी कल्पना नव्हे. छापखाना येण्यापूर्वीही मराठी माणूस ग्रंथ ऐकत होता. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘रामविजय’ हे ग्रंथ १७०२ आणि १७०३ मधले, ‘पांडवप्रताप’ १७१२ मधला. चातुर्मासात देवळात किंवा ओसरीवर हे ग्रंथ वाचले जात. ऐकणारे पुण्यासाठी येत, हे खरेच. पण कथा रंगात आली असताना अध्याय संपला, तर उद्याची वाट पाहायला लावणारी ओढ केवळ पुण्याची नव्हती. उद्या काय होईल, हे ठाऊक असूनही ते पुन्हा ऐकावेसे वाटे. भक्ती आणि गोडी त्या ओसरीवर शेजारी शेजारी बसत असत, आणि कोणालाच त्यात विरोध वाटत नसे.

विरोध वाटू लागला तो पुढे. एकोणिसाव्या शतकात शाळा निघाल्या, पुस्तके छापली जाऊ लागली आणि वाचन हे सुधारणेचे साधन मानले गेले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आले, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये. मराठी कादंबरी रांगू लागली आणि तिच्याबरोबर कादंबरी वाचणाऱ्या तरुणांविषयीची, विशेषतः स्त्रियांविषयीची, काळजीही वाढू लागली. कादंबऱ्या वाचून मुलगी बिघडते, ही समजूत पुढे कितीतरी वर्षे घराघरांत होती. परंतु त्या काळातील जाणत्या संपादकांनी आपल्या नियतकालिकांना कोणती नावे दिली, ते पाहण्यासारखे आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘करमणूक’. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये मासिक काढले, त्याचे नाव ‘मनोरंजन’. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये त्यांनीच काढला. ज्ञान, बोध, नीती हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? तरीही दारावर त्यांनी पाटी लावली ती आनंदाची.

आणि त्या पाटीमागे काय होते? ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूची कहाणी ही करमणुकीची कहाणी नव्हे. बालविवाह, वैधव्य, केशवपन यांतून जाणाऱ्या एका मुलीने आपल्या तोंडाने सांगितलेली ती हकीकत. पुढच्या अंकात यमूचे काय होणार, या उत्सुकतेने जो वाचक अंक उघडीत होता, त्याच्या घरातही एखादी यमू असण्याचा संभव होता. त्याला व्याख्यान दिले असते तर तो उठून गेला असता. गोष्ट वाचता वाचता मात्र तो त्या मुलीच्या बाजूला जाऊन बसला. वाचनाचा लाभ नेहमी असाच मागच्या दाराने येतो. लाभाला पुढे बसवून आनंदाला मागून बोलावले, की बहुधा दोघेही येत नाहीत.

याच सुमारास खास मराठी ग्रंथांसाठी संस्था उभ्या राहू लागल्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. इंग्रजी विद्येचा मान असताना मराठी पुस्तके जमा करून ठेवण्याचा तो उद्योग होता. आज शंभरी गाठणाऱ्या सर्वच मराठी ग्रंथालयांच्या मागे ही श्रद्धा आहे की, माणूस आपल्या भाषेत वाचण्यासाठी स्वतःच्या पायांनी चालत येईल. त्याला कोणी पाठविणार नाही, तो आपण होऊन येईल.

या ठिकाणी बुऱ्हाणपूरच्या इतिहासातील एका मोठ्या ग्रंथप्रेमीची आठवण होते. अकबर आणि जहांगीर यांच्या काळातील सरदार अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजेच दोह्यांमुळे घराघरांत पोहोचलेला कवी रहीम, याचे बुऱ्हाणपुरात दीर्घ काळ वास्तव्य होते. बाबराच्या आत्मचरित्राचा त्याने फारसीत अनुवाद केला. त्याचा ग्रंथसंग्रह विख्यात होता; कवी, लेखनिक आणि चित्रकार त्याच्या आश्रयाला असत. परंतु त्या संग्रहाचे दार किती जणांना उघडे असणार? जे सुख एके काळी सरदारालाच परवडे, ते सार्वजनिक ग्रंथालयाने अल्प वर्गणीत शिक्षकाला, शिंप्याला, शेतकऱ्याला दिले. शंभर वर्षांचे हे कर्तृत्व लहान नाही. प्रश्न एवढाच आहे की, दार उघडे असताना आत येणारी पावले का थबकतात?

याचे उत्तर शोधण्यासाठी इच्छापुरातील एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. वय पंचावन्न, केळीची बाग, शिक्षण हिंदीतून, घरची भाषा मराठी. लहानपणी आजीच्या मांडीवर पोथी ऐकलेली. तरुणपणी मामाच्या घरी, जळगावकडे, सुट्टीत चार मराठी कादंबऱ्या वाचलेल्या. नंतर संसार, बागेचे पाणी, बाजारभाव. एका पाडव्याला तो ठरवितो की, यंदा पन्नास पुस्तके वाचायची. कोणा मान्यवराच्या यादीतले सर्वांत जाडजूड पुस्तक तो आणतो. पहिल्या आठवड्यात चाळीस पाने होतात, दुसऱ्यात सहा. मग केळीची काढणी येते. पुस्तक उशाशी पडून राहते आणि त्याच्याकडे पाहिले की अपराधी वाटू लागते. परत करण्याची तारीख उलटते. आता ग्रंथालयात जायचे तर दंड भरायचा आणि ‘कसे वाटले पुस्तक?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे. त्यापेक्षा न गेलेले बरे. अशा रीतीने वाचनाचा संकल्प वाचकालाच ग्रंथालयापासून दूर नेतो.

या गृहस्थाचे चुकले कोठे? आळस हे त्याचे कारण नव्हे. पहाटे उठून बागेला पाणी देणारा माणूस आळशी नसतो. त्याची पहिली चूक संख्येची. पन्नास हा आकडा ठरताच प्रत्येक पुस्तक हे फेडावयाच्या कर्जाचा हप्ता झाले. दुसरी चूक निवडीची. पुस्तक त्याच्या आवडीचे नव्हते, दुसऱ्याच्या आदराचे होते. तिसरी चूक अशी की, हाती घेतलेले पुस्तक पुरे केलेच पाहिजे, या शाळकरी नियमाने त्याने स्वतःला बांधून घेतले. पानातले टाकू नये, ही आपल्याकडची शिकवण अन्नाला लागू आहे, पुस्तकाला नव्हे. न आवडलेले पुस्तक मिटून दुसरे उघडणे यात ग्रंथाचा अपमान नाही. जो वाचक पुस्तक सोडू शकत नाही, तो अखेरीस वाचनच सोडतो.

चौथी गोष्ट काळाची. हातातला भ्रमणध्वनी हा आजच्या वाचनाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्यावरही अक्षरे असतात आणि दिवसभरात माणूस पूर्वीपेक्षा कदाचित अधिक अक्षरे पाहतो. पण ती अक्षरे क्षणाक्षणाला विषय बदलतात. एका मनात दोन तास राहण्याची सवय ती मोडतात. पुस्तकाचे सुख नेमके त्या राहण्यात आहे. ही सवय धाकाने परत येत नाही. यंत्राला शिव्या देऊन आजवर कोणी वाचक झालेला नाही. यंत्रापेक्षा अधिक गोड काही हाताशी असेल, तरच हात तिकडे वळतो.

मग संकल्प करावा तरी कसा? तो लहान असावा, रोजचा असावा आणि त्यात मोजणी नसावी. रात्री निजण्यापूर्वी वीस मिनिटे, एवढे पुरे आहे. साधारण वाचकाला एका पानाला दोन मिनिटे लागतात असे धरले, तर रोज दहा पाने होतात. वर्षाकाठी ३६५० पाने, म्हणजे दोनशे पानांची अठरा पुस्तके. हा हिशेब केवळ भीती घालविण्यापुरता करावा आणि विसरून जावा. एखाद्या रात्री चार ओळींत डोळा लागला, तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करू नये. आवडलेले पुस्तक पुन्हा वाचावे. कारण पुनर्वाचन ही आनंदाची खूण आहे, आणि नवसाच्या हिशेबात तिला जागाच नाही. आणि वाचलेल्यातले काही घरात कोणाला तरी सांगावे किंवा मोठ्याने वाचून दाखवावे.

अशा वाचनाचा उत्तम नमुना मराठीत ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. कवी सतीश काळसेकर यांनी आपल्या वाचनाविषयी ‘आपले वाङ्मय वृत्त’ या मासिकात लिहिलेले सदर ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या नावाने पुस्तकरूपात आले आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये काळसेकरांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकाच्या नावात विद्वान नाही, समीक्षक नाही. केवळ वाचणारा आहे. मराठी साहित्याच्या क्षेत्रात नुसत्या वाचण्यालाही असा मान मिळू शकतो, ही गोष्ट प्रत्येक सभासदाने अभिमानाने ध्यानी ठेवावी. दुर्गाबाई भागवत यांचे नाते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाशी आयुष्यभराचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते माणसांइतकेच ग्रंथांसाठी. या थोरांचे वाचन कार्यासाठी होते, असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण केवळ कर्तव्याच्या बळावर कोणी आयुष्यभर पुस्तकांच्या सहवासात राहू शकत नाही. त्या परिश्रमांच्या तळाशी ग्रंथांचे निखळ प्रेम होते.

येथे एक आक्षेप येईल. आनंदासाठीच वाचावे म्हटले, तर लोक हलके-फुलके तेवढेच वाचतील, अभिरुचीचे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, पण अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. परंतु पुढे गंभीर वाङ्मयाकडे वळलेल्या कितीतरी वाचकांच्या हातात प्रथम त्याच चटकदार पुस्तिका होत्या. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेबरोबर धावलेली मुले मोठेपणी इतर पुस्तकांकडे वळली. ज्याची भूक शाबूत आहे, त्याची रुची आपोआप वाढते. भूकच मारून टाकली, तर पंचपक्वान्नांचे ताट वाढूनही उपयोग नाही.

आता इच्छापूरच्या त्या घरात पुन्हा जाऊ. त्या गृहस्थाची नात हिंदी शाळेत शिकते. तिला मराठी वाचता येत नाही, असे घरात सगळे गृहीत धरून चालतात. वस्तुतः तिला ते जवळजवळ येतेच. हिंदीची लिपी देवनागरी, मराठीचीही देवनागरी. ‘ळ’ हे एक अक्षर तिला नवे. ते तर तिच्या बोलण्यात रोजच आहे, कारण घरात ती केळी आणि डाळ असेच म्हणते. तिला केवळ त्या उच्चाराचे चिन्ह दाखवावयाचे आहे. काही शब्द तिला चकवतील. ‘शिक्षा’ म्हणजे शाळेत शिक्षण आणि आजोबांच्या पुस्तकात दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तेथे प्रयत्न आणि येथे थट्टा. असे शब्द भेटले की ती हसेल, आणि हसता हसता दोन भाषा शिकेल. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना ज्या लिपीसाठी रविवारच्या वर्गाला बसावे लागते, ती या मुलीला आधीच मिळालेली आहे. मुलगी आणि मराठी पुस्तक यांच्यामध्ये भिंत नाही. तिच्या हाती कोणी पुस्तक दिलेले नाही, इतकेच.

आणि द्यावे तरी कोणते? सीमेपलीकडच्या जळगाव जिल्ह्यातील आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर उतरली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या गाण्यांची बोली खानदेशची आहे. पुण्याच्या वाचकाला ज्या शब्दांचे अर्थ विचारावे लागतात, त्यांतले कितीतरी इच्छापूरच्या आजीच्या तोंडचे आहेत. नातीने ती गाणी अडखळत वाचावीत आणि निरक्षर आजीने तिचे उच्चार दुरुस्त करावेत, असे दृश्य त्या ओसरीवर सहज घडू शकते. ज्या घरात ते घडेल, तेथे मराठी टिकविण्यासाठी निराळ्या मोहिमेची गरज उरणार नाही.

या कामी ग्रंथालयाचा वाटा कोणता? १९३१ मध्ये डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यांतील दुसऱ्या सूत्रात ‘त्याचा’ हा शब्द मोलाचा आहे. गावातल्या थोरामोठ्यांना शोभेल तो ग्रंथ नव्हे. समोर उभ्या असलेल्या माणसाला रुचेल तो. केळीच्या बागेतून आलेल्या गृहस्थाला जाड पुस्तकाऐवजी एखादा कथासंग्रह सुचविणारा ग्रंथपाल भेटला असता, तर त्याचा संकल्प कदाचित तरला असता.

पुस्तक वाचकापर्यंत चालत जाऊ शकते, हेही जुन्यांनी दाखवून दिले आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत पाठविली. जवळजवळ शतकानंतर, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पेटीची हीच कल्पना नव्याने उचलली आणि पेट्या परदेशातील मराठी माणसांपर्यंतही पोहोचल्या. ४ मे २०१७ रोजी महाबळेश्वरजवळच्या भिलार येथे पुस्तकांचे गाव सुरू झाले. तेथे घराघरांत पुस्तके मांडली गेली आणि येणाऱ्याने बसावे व वाचावे, एवढीच अपेक्षा ठेवली गेली. दुबईला जी पेटी जाऊ शकते, ती इच्छापूरला जाऊ शकत नाही, असे म्हणता येणार नाही.

आश्रयदात्यांसाठीही येथे विचार करण्याजोगे काही आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार ग्रंथालयांचे वर्ग ठरतात आणि अनुदान मिळते. परंतु त्या कायद्याची हद्द राज्याच्या सीमेवर संपते. सीमेपलीकडील मराठी ग्रंथालयांची भिस्त मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर आणि उदार व्यक्तींच्या देणग्यांवर असते. देणगीतून कपाट येते, त्यावर नाव कोरले जाते, हे योग्यच आहे. पण त्या कपाटातील पुस्तक किती हातांतून फिरले, हाही देणगीचा हिशेब असावा. वर्षातून एक महिना थकलेली पुस्तके विनादंड परत घ्यावीत. लाजून दूर राहिलेले किती सभासद परत येतात, ते पाहण्यासारखे ठरेल. अर्धवट वाचून परत केलेल्या पुस्तकाबद्दल कोणाला ओशाळे वाटू नये. हिंदी शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी मोठ्या टाइपातील, चित्रांची पुस्तके वेगळी मांडावीत आणि तेथे ‘ळ’ अक्षराची एक पाटी लावावी. या गोष्टींना खर्च थोडा आहे. सभासदाविषयीचा जिव्हाळा तेवढा हवा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सर्व मराठी जगताला त्याचा आनंद झाला, आणि तो रास्तच होता. १९६१ मध्ये ग्वाल्हेरला आणि २००१ मध्ये इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरविणाऱ्या मध्य प्रदेशातील मराठी समाजाला तर तो विशेष जाणवला असेल. तथापि सरकार भाषेला दर्जा देऊ शकते, वाचक देऊ शकत नाही. वाचक एकेक करून घडतो, बहुधा रात्री, घरात, दिव्याखाली, आणि त्या वेळी त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नसते.

त्या गृहस्थाने पुढच्या पाडव्याला पन्नासाचा आकडा सोडून द्यावा. आधी ते जाड पुस्तक निःसंकोचपणे परत करावे आणि आपल्या आवडीचे एखादे लहान पुस्तक घेऊन घरी यावे. जेवणानंतर वीस मिनिटे ते मोठ्याने वाचावे. कोणी ऐकावे अशी सक्ती करू नये. चार दिवसांनी ‘पुढे काय झाले?’ असे नात विचारील. टेकडीवरच्या देवीपुढे माणसे आपापल्या इच्छा घेऊन जातात आणि फेडावयाचे नवस बोलतात. वाचनाच्या इच्छेसाठी असे काही बोलावे लागत नाही. नातीने तो प्रश्न विचारला, की पुढचे पान उलटावे.